शेठ माझा रविवार तपासायला आले

सोमवारची सकाळ होती. खळ नको तेवढी घट्ट झाली होती आणि मी तिच्यासमोर उभ्या उभ्या पेंगत होतो. मशीन थांबवेपर्यंत बरेच धागे एकमेकांना चिकटून त्यांचा पापड झाला. नेमके तेव्हाच नानाशेठ आत आले.

माझे काम काय होते, ते आधी सांगतो. कापडातल्या उभ्या धाग्याला लूमवर फार मार बसतो. तो तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ पाजायची, वाफेने तापलेल्या सिलिंडरवर वाळवायचे आणि बीमवर, म्हणजे मोठ्या रिळावर गुंडाळायचे. याला सायझिंग म्हणतात. खळ किती पातळ आणि किती गरम हवी, हे बघणारा तो सायझिंग मास्तर. सत्तरच्या दशकात भिवंडीत मी ते काम करत होतो.

नानाशेठांनी आपल्या भाताच्या खाचरावर ही फॅक्टरी उभी केली होती. त्यांनी चिकटलेले धागे बोटाने उचलून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, सुट्टी काल झाली. झोप आज?"

भिवंडीत सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी वीज बंद, म्हणून फॅक्टरीही बंद. मी ख्रिस्ती, त्यामुळे मी रविवार मागून घेतला होता. बदल्यात शुक्रवारी एकटा येऊन बॉयलरची साफसफाई करत असे. देवाने सहा दिवसांत जग घडवले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून आमचा हा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, असे मी शेठना तेव्हा पटवून दिले होते.

आता शेठनी विचारले, की रविवारी तुम्ही करता काय? मी अभिमानाने सांगितले. सकाळी संडेस्कूलमध्ये मुलांना शिकवतो. मग उपासनेत पेटी वाजवतो. दुपारी सायकलवर कशेळीपर्यंत जाऊन आजारी माणसांना भेटतो. संध्याकाळी तरुणांची सभा असते. आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चच्या समाजातला, मी पहिला ग्रॅज्युएट. माझ्या शिक्षणाला मंडळीतल्या लोकांनी हातभार लावला होता. त्यांना नाही म्हणणे मला शक्यच नव्हते.

शेठ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमचा देव सातव्या दिवशी बसला ना? मंग तुम्हाला का पळवतो?"

शेठनी निकाल दिला. येत्या रविवारी ते स्वतः येणार. मी विसावा घेताना दिसलो तर रविवार माझा. काम करताना दिसलो तर पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांसारखा शुक्रवार. म्हणजे माझी उपासनाच बंद.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेलो. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. एका रविवारपुरती मला सुट्टी द्या, अशी विनंती केली. कारण ऐकून ते इतके हसले, की चहा बशीत सांडला. मग म्हणाले, "सुधाकर, देव दमला म्हणून थांबला नाही. जे घडवलं ते चांगलं आहे, हे पाहत थांबला. शब्बाथ म्हणजे आपण देवाचं देणं फेडायचा दिवस नव्हे. तो त्याने आपल्याला दिलेला दिवस आहे. आपण काही कमावण्याआधीच दिलेला."

मी म्हणालो, "पण मी नसलो तर मंडळीचं कसं होईल?"

"मंडळी तू उभी केली नाहीस, बाबा. पडायची असेल तर तुझ्या पेटीने थांबणारही नाही."

रविवारी मी शाळेच्या खोलीत, जिथे आमची उपासना चाले, शेवटच्या बाकावर बसलो. शेठ कडक इस्त्रीच्या धोतरात आले आणि माझ्या शेजारी बसले. पेटीवर शिक्षिका मार्थाबाई होत्या. पहिल्याच गीताला सूर इतका वर लागला, की पुरुषमंडळी एकेक करून गप्प झाली. मी नकळत उठू लागलो. शेठनी माझी बाही धरली.

"बसा मास्तर. तुमच्या रविवारचा प्रश्न हाय."

मी बसलो. पुढे मुले गोंगाट करू लागली, तरी बसलो. खिडकीचे दार वाऱ्याने आपटू लागले, तरी बसलो. ते आपटणे सर्वांत कठीण गेले.

मग प्रार्थना सुरू झाली. थकलेल्यांना देव जवळ बोलावतो, त्यांच्याकडून आधी काही मागत नाही, अशा अर्थाचे पाळक काही बोलत होते. ही प्रार्थना मी वर्षानुवर्षे ऐकत होतो. पण दर वेळी माझे लक्ष पुढच्या गीताचे पान शोधण्यात असे. त्या दिवशी ती प्रथमच पूर्ण ऐकली. सिलिंडरवरून उतरलेला बीम आम्ही लगेच लूमवर चढवत नसू. तो धागा कोरडा आणि ठिसूळ असतो. एखादा दिवस त्याला नुसता ठेवायचा. तो काही करत नाही, फक्त हवेतला ओलावा घेतो आणि बळकट होतो. लोकांना हे मी रोज शिकवत होतो. स्वतःला मात्र सिलिंडरवरून थेट लूमवर चढवत होतो. डोळे भरून आले. रुमाल शोधू लागलो, तेव्हा शेजारून घोरण्याचा आवाज आला.

नानाशेठ झोपले होते. उपासना संपली, लोक पांगले, तरी त्यांना कोणी उठवले नाही. जाग आल्यावर जरा ओशाळून म्हणाले, "फॅक्टरी टाकल्यापासून दिवसा डोळा लागला न्हवता."

रविवार माझा राहिला. शुक्रवारची बॉयलरची साफसफाई शेठनी फिटरकडे सोपवली, आणि स्वतः दर शुक्रवारी बायकोला घेऊन अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊ लागले. मंडळीत माझी कामे तिघांनी वाटून घेतली. संडेस्कूल माझ्यापेक्षा चांगले चालले. आजाऱ्यांनाही नवा माणूस आवडला, कारण तो कमी उपदेश करत असे. फक्त पेटीचे काही जमले नाही. पुरुषमंडळींनी उंच सुरात गायची सवय करून घेतली.

आपल्यावाचून अडेल असे वाटते, त्या ठिकाणी एकदा मुद्दाम शेवटच्या बाकावर बसून पाहावे. बहुधा अडत नाही. थोडा अपमान वाटतो, पण सोमवारी खळ चांगली होते.