कढीपत्त्याच्या कुंडीतली आंबील

आईच्या अन्ननलिकेत गाठ आहे, आता करण्यासारखं काही नाही, असं कळल्यावर आम्ही तिला बंगळूरला, बसवनगुडीच्या घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दिवसाला अर्धा लीटर तरी पोटात जायला हवं. नाही गेलं तर दाखल करा, नाकातून नळी घालू." नळीचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करायची. तिला याच खोलीत मरायचं होतं. मला ती अजून हवी होती.

मी कारखान्यात तपासणी विभागात. मापल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. नाचणीची गूळ घातलेली आंबील मापाच्या भांड्यात ओतून तिच्या उशाशी ठेवायची आणि मग कामावर जायचं. परत येईपर्यंत भांडं रिकामं.

"रेशनचं दुकान काढलंयस अण्णा," ती म्हणायची. मी थोरला, म्हणून तीही मला अण्णाच म्हणे. "स्वल्प जास्त घाल की, गिऱ्हाईक जुनं आहे."

अवरेकाईचा, म्हणजे इकडच्या पावट्याचा, मोसम होता. भिजवलेले दाणे ती पडल्यापडल्या चिमटीत धरून सालातून उडवायची. आमच्या उप्पिटात तिनं सोललेलेच दाणे असत. तिला मात्र त्यातला एकही गिळता येत नव्हता. भांडं रोज रिकामं होत होतं आणि तिचं मनगट बारीक होत चाललं होतं. हिशेब जुळत नव्हता.

एका रविवारी तिच्या खिडकीखालच्या कढीपत्त्याच्या कुंडीला मुंग्या लागलेल्या दिसल्या. मातीवर आंबील वाळली होती, थरावर थर. बायको मागे येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"त्यांनी शपथ घातली होती. एक घोट घेताना काय होतं त्यांचं, बघितलंय कधी? तुम्ही नुसतं भांडं बघता."

रागवायचं होतं. तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे डॉक्टरांना फोन केला. उघड्या दारातून आई माझ्याकडे बघत होती. चिमटीत दाणा तसाच.

"किती जातंय?"

"अर्धा लीटर," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे. मग राहू द्या घरीच."

आईनं दाणा सोलला.

त्यानंतर मी तिच्या ओठांना चमचा लावायचो, आणि उरलेली आंबील स्वतःच कुंडीत ओतायचो. बाजारात अवरेकाई होती तोवरच ती गेली. त्याच खोलीत, खिडकीकडे तोंड करून.