गरम असताना हात लावू नये

त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. पेशाने ते सुतार, लोकांच्या घरी दारं आणि कपाटं बसवायचे. पण कुठल्याही कामावर गेले, की दार राहायचं बाजूला आणि आधी विषय निघायचा बॅटऱ्यांच्या प्रकृतीचा. बिनवायरच्या ड्रिलच्या सहा बॅटऱ्या त्यांच्याकडे होत्या आणि त्यांचे लाड सासुरवाडीला आलेल्या जावयाचेही होत नसतील एवढे व्हायचे.

बॅटरी उन्हात ठेवायची नाही. पार उतरेपर्यंत वापरायची नाही. ड्रिलचा आवाज जरा जड झाला, की काढायची. काढली की हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघायची. गरम लागली तर अर्धा तास सावलीत निजवायची आणि मगच चार्जरला लावायची. बरेच दिवस लागणार नसेल तर अर्धी भरून कोरड्या खणात ठेवायची. प्रत्येकीवर कागदी टेपची पट्टी आणि पट्टीवर मार्करने सूचना. घरातला सगळ्यात थंड कोपरा बॅटऱ्यांच्या कपाटाला दिलेला होता. बायकोची खुर्ची खिडकीत, ऊन थेट तोंडावर. तिची काही तक्रार नव्हती, म्हणजे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बायको लाँड्रीत इस्त्री करायची. आठ तास उभ्याने, समोर वाफ. घरी आली की पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत चहाची फर्माईश, मग स्वयंपाक, मग भांडी. त्या महिन्यात तिला कामावर दोनदा घेरी आली. दवाखान्यातल्या बाईंनी पंधरा दिवस रजा घ्यायला सांगितलं, नाहीतर एक दिवस इस्त्रीवरच पडाल, असंही बजावलं. तिने हे घरी सांगितलं तेव्हा डॉक्टर कोरड्या ब्रशने चार्जरची धूळ झाडत होते. बघू म्हणाले, हातातलं काम संपू दे. हातातलं काम संपायच्या आत दुसरं दारात उभं असतं, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

मग मेहुण्याचा प्रसंग घडला. तिचा धाकटा भाऊ भिंतीवर फळ्या बसवायला ड्रिल घेऊन गेला होता. परत आणलं तेव्हा बॅटरी पार मेलेली आणि निखाऱ्यासारखी तापलेली, आणि पठ्ठ्याने ती तशीच चार्जरमध्ये खुपसली. डॉक्टरांचा पारा चढला. मेहुण्याला समोर बसवून त्यांनी पाऊण तास त्याची शाळा घेतली.

"ती बोलत नाही म्हणून जीव जाईपर्यंत पिळायची का तिला?" डॉक्टर कळवळून म्हणाले. "तापलीये, दमलीये, तर जरा बसू द्यावं. एवढं साधं कळू नये माणसाला?"

डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. बायको नुकतीच कामावरून आली होती आणि दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पिशवी अजून खांद्यावरच होती. भावाने एकदा बॅटरीकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि मान खाली घातली. पटलं का, असं डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, पटलं. मग डॉक्टरांनी बायकोला दोन कप चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले तेव्हा गॅस थंड होता आणि बायको भर संध्याकाळी पलंगावर आडवी होती. त्यांची नजर आधी गेली ती टेपवर. चांगली महागाची टेप, हातभर फाडलेली. ते तणतणत पुढे झाले आणि थांबले. टेपचा तुकडा तिच्या बाहीवर चिकटवलेला होता. अक्षर तिचं, शब्द त्यांचे: "पार उतरली आहे. गरम आहे. अर्धा तास हात लावू नये." त्याच हाताच्या मनगटावर आणखी एक पट्टी होती. ती दवाखान्याची होती, भाजल्यावर बांधतात तशी. दवाखान्यातल्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

इथे डॉक्टरकी संपली. तो घाबरला. त्याने हाताची मागची बाजू हळूच तिच्या कपाळाला लावली. कपाळ चांगलंच तापलं होतं. असा हात त्याने तिला शेवटचा कधी लावला होता, ते त्याला आठवेना, आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

तो चहा करायला गेला. कुठली बॅटरी कुठल्या खणात, हे डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला साखरेचा डबा सापडेना. रवा निघाला, मीठ निघालं, चौथ्या डब्यात साखर निघाली. कप घेऊन तो पलंगाजवळ खाली बसला.

"उद्या मी लाँड्रीत जाऊन तुझी पंधरा दिवसांची रजा सांगून येतो," तो म्हणाला. "घराचं मी बघेन. ऊठ, चहा घे."

तिने डोळे उघडले नाहीत.

"पट्टी वाचलीस ना? अर्धा तास झाला नाही अजून."

त्याने घड्याळ बघितलं. वीस मिनिटं बाकी होती. कप तसाच हातात धरून तो बसून राहिला.