आईची बोरमाळ

भाचीचं लग्न नागपूरला होतं. आईला डायलिसिस सोडून जाता येत नव्हतं आणि माझ्या पायाला प्लास्टर होतं. नातीच्या गळ्यात आपली बोरमाळ पडावी एवढीच आईची इच्छा. मी कुरिअरचं म्हटलं, तर म्हणाली, "पोस्टानं धाड. सरकारी काम हाय, बराबर जातं." पुडक्याला पांढरं कापड तिनं स्वतः शिवलं. बायकोनं जालन्याच्या पोस्टात आईच्या नावानं विमा उतरवून, लाखेचे शिक्के मारून ते दिलं.

पार्सल पोचलंच नाही. लग्न व्हिडिओ कॉलवर पाहताना आईनं मोबाईल डोळ्यांजवळ धरून नातीचा गळा बघितला.

तक्रार केली. महिनाभरानं पोस्टाचे एक साहेब मस्तगड भागातल्या आमच्या घरी जबाब घ्यायला आले. माणूस सभ्य होता. त्यांनी माळेचं वर्णन विचारलं, तशी आई उत्साहानं उठून बसली. मण्यांचा आकार तिनं बोटांनी दाखवला. म्हणाली, "एक मणी चेपलेला हाय. माझी लेक लहानपणी चावली होती त्याला." साहेबांनी तेही लिहून घेतलं.

"मंग सापडली म्हना की," आई म्हणाली.

साहेबांचा पेन थांबला. "नाही आई. हे नुकसानभरपाईसाठी आहे."

आई भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. सहीला मीच तिला उठवलं. त्यानंतर तिनं माळेचा विषय काढला नाही, आणि दिवाळीच्या आधीच ती गेली.

भरपाई मंजूर झाल्याचं कळलं ते त्यानंतर. पोस्टात गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी, पाठवणाऱ्यालाच सहीला घेऊन या, असं सांगितलं. आई गेल्याचं मला त्या खिडकीशी मोठ्यानं म्हणावं लागलं, कारण मागं रांगेत गलका होता.

वारस म्हणून आम्हा दोघा बहीणभावांच्या सह्या लागणार होत्या. बहीण नागपूरहून आली. सही करून झाल्यावर तिनं बाईंना विचारलं, पुढं कधी माळ सापडली तर आम्हाला देता का. बाई म्हणाल्या, कळवू, पण मग हे पैसे परत भरावे लागतील.

"भरू की," बहीण म्हणाली. "तुम्ही कळवा फक्त."

बाहेर येऊन ती पोस्टाच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. आईला नेलं तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती. मी शेजारी बसून राहिलो.