गच्चीवरचं राजस्थान

१४ मार्च. आज बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. भिजवून दळलेल्या ज्वारीचं पीठ आंबून तयार होतं. आज घातले नसते तर ते फेकावं लागलं असतं आणि वर्षभर घरात बिबडा दिसला नसता. नेमकं आजच आमच्या गच्चीवर वेब सिरीजचं शूटिंग होतं.

गोष्ट राजस्थानातली. मुंबईत सेट परवडेना, राजस्थानात हॉटेलं परवडेनात, म्हणून राजस्थान धुळ्याला आलं. गल्लीतल्या पाट्या हिंदी झाल्या, पिठाच्या गिरणीसमोर भाड्याचा उंट आला. मी दिग्दर्शकाला आधीच बजावलं होतं, "गच्ची देते, पण बिबडे हलणार नाहीत."

तो वर आला, जुन्या धोतरांवर मांडलेले ओले पांढरे गोल बघून हरखला. "ताई, हलवूच नका! हे सगळं फ्रेममध्ये घेऊ."

शेजारची मारवाडी भाभी तिच्या गच्चीवरून ओरडली, "अहो, आमच्या राजस्थानात असं काही नसतं!"

"बघणाऱ्याला काय कळतंय?" तो म्हणाला.

हिरॉइन बिबड्यांच्या मधोमध बसून अर्धा प्रसंग रडली. मग सगळे जेवायला खाली गेले. दुपारी बिबड्यांच्या कडा सुटतात, तेव्हा ते उलटायचे असतात. सासूबाईंना हे सांगावं लागत नाही. त्यांनी सगळे उलटले आणि जागा कमी लागावी म्हणून एका खाटेवर गोळा केले.

मंडळी वर आली तर गच्ची मोकळी.

"आजी, हे काय केलंत?" दिग्दर्शक ओरडला. " होते तसे परत घाला! ओले करून!"

"शिजेल भातना परत तांदूय व्हस का रे भाऊ?"

त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "ताई, उद्या सकाळी नवे घाला. उद्या रात्री आमचं विमान आहे. उरलेली सिरीज परदेशात करतोय, तिथलं सरकार खर्चातला वाटा परत देतं."

"पैसा वापस देनारं सरकार?" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "कोठे शे ते?"

मी म्हटलं, "ज्वारी तीन दिवस भिजते. तिला तुमच्या विमानाशी देणंघेणं नाही."

मग सेटवाल्यांनी थर्माकोलचे गोल कापून मांडले. सासूबाईंनी एक उचलून वाकवला, तर मोडला. "मीठ कमी पडनं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात वावटळ आली. अख्खं राजस्थान भाभीच्या गच्चीवर, उंटाच्या पाठीवर आणि गटारीत जाऊन पडलं. हिरॉइन इतकी हसली की रडणं काही परत जमेना. दिग्दर्शक म्हणाला, "जाऊ दे, गच्ची तिकडेच शोधू."

माझे बिबडे मात्र अजून आतून ओलेच आहेत. उद्या आणखी एक ऊन मिळालं नाही तर बुरशी धरेल.

१५ मार्च. सकाळी गटारीतले थर्माकोल काठीने बाहेर काढले, बिबडे पुन्हा उन्हात घातले आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.