समोरच्या काचेवरची रेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, खोलीवरच्या मित्रांजवळ नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा हा विषय मी बाजूला ठेवतो — जणू त्याला ठाऊकच नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. खरं तर हेच चुकीचं आहे. पण त्याकडे नंतर येतो.

आधी जुनी लेन्स कशी बघतात ते सांगतो. टाळाटाळ करतोय असं वाटेल — करतोयच. पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जुन्या कॅमेऱ्याची लेन्स समोरून सरळ बघितली तर नेहमी स्वच्छ दिसते. विकणारा तशीच दाखवतो. तिच्या मागून मोबाईलचा टॉर्च धरायचा आणि ती तिरकी करत करत आत बघायचं. मग एकेक दिसायला लागतं. आमच्या किनाऱ्यावर पहिली शंका बुरशीची. हवेत इतका ओलावा की बंद कपाटातल्या लेन्समध्येसुद्धा कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरतात. मग उजेड कमीजास्त करणारी आतली पाती बघायची, तेलकट झालीत का, अडकतात का. आणि मग ओरखडे. मागच्या काचेवरचा ओरखडा वाईट, तो फोटोत उतरतो. समोरच्या काचेवर केसाएवढी रेघ असेल तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. जुनी रेघ मळलेली असते. ताजी लख्ख चमकते.

हे सगळं मी मोबाईलवर बघून शिकलो. कणकवलीला कॉलेजात पहिल्या वर्षाला मला कुणी ओळखत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा रापणीवर आहेत — किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, ते काम. वर्गात सर इंग्रजीत काही विचारायला लागले की मी बाकाखाली पडलेलं पेन शोधायचो. न पडलेलं. मग एकदा वर्गातल्या एकाने जुनी लेन्स विकत घेण्याआधी बघायला आणली होती, तिच्यातली बुरशी मी दाखवली, आणि त्याचे पैसे वाचले. तेव्हापासून "निलेशला दाखव" असं लोक म्हणायला लागले. निलेशला दाखव! मला हे वाक्य किती आवडायचं ते कसं सांगू? रात्री आठवून आठवून झोपायचो.

कोल्हापूरचा प्रसाददादा असाच ओळखीचा झाला. लग्नांचं शूटिंग करतो. जुन्या लेन्सचा मऊ उजेड त्याच्या गिऱ्हाइकांना आवडतो, म्हणून तो त्या शोधत असतो. मालवणात एका बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याकडे जपानी पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, लेन्स आहे असं त्याला कळलं आणि त्याने मला फोन केला. "तू बघायचं, मी घ्यायचं. माझे डोळे तूच, भावा."

स्टुडिओवाले म्हणजे मिंगेल अंकल. आमच्या गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांचे, माझ्या आईबाबांच्या लग्नाचेसुद्धा. आता मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही. ते आणि फिलोमिना आंटी, दोघंच समुद्रालगतच्या घरात राहतात. समोरच्या खोलीत काचेचं कपाट, त्यात कॅमेरे आणि लेन्स. ती पन्नासची लेन्स परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या चुलतभावाने आणून दिलेली. अंकल म्हणाले, "लग्नाआधीपासून माझ्याकडे आसा ही. बायको मागसून इली."

आतून आंटी म्हणाली, "म्हणान तिचे लाड जास्त!"

आम्ही हसलो. तोपर्यंत सगळं चांगलं होतं.

लेन्स खरोखर सुंदर होती. इतक्या वर्षांची, समुद्राच्या कडेची — आणि आत एक धागा नाही. समोरच्या काचेवर एक ओरखडा नाही. अंकल ती वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचे पावसाळ्यात, म्हणे. मी टॉर्च लावून पुन्हा पुन्हा बघत होतो. फक्त समोरच्या काचेच्या कडेला एक धुरकट डाग होता. खाऱ्या वाऱ्याचा असावा. पण बुरशीची सुरुवातही तशीच दिसते. पुसून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

प्रसाददादाला फोन आला, तो बाहेर गेला. अंकल लेन्सची चामड्याची पिशवी शोधायला आतल्या खोलीत गेले. आंटी स्वयंपाकघरात चहा करत होती. मी एकटा होतो.

कशी पुसायची ते मला माहीत होतं. मी दुसऱ्यांना शिकवायचो. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, मग ब्रश, मग कागदावर थेंबभर औषध घेऊन हलक्या हाताने. कोरडं कधीही पुसायचं नाही. माझं सगळं सामान प्रसाददादाच्या गाडीत होतं आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी. आणायला किती वेळ लागला असता? मी उठलो नाही. काचेवर तोंडाची वाफ सोडली, खिशातला रुमाल काढला आणि सगळी काच गोल घासली.

तो रुमाल सकाळी माझ्या डोक्याला बांधलेला होता. मी बाबांबरोबर रापण ओढायला गेलो होतो, रविवारी जातो. आंघोळ केली, शर्ट बदलला, रुमाल मात्र तोच उचलला. त्याच्यात वाळू होती.

आवाज झाला नाही. बोटांना कळलं. दाताखाली खडा यावा तसं. टॉर्च धरला तर काचेच्या मधोमध एक बारीक कमानदार रेघ — लख्ख.

डाग गेला होता. बुरशी नव्हती.

प्रसाददादा आत आला, त्याने लेन्स माझ्या हातातून घेतली, आणि नेमकी मी शिकवली होती तशी तिरकी धरली. "हे काय रं?"

मी म्हणालो, "जुना ओरखडा आहे. समोरचा आहे, फोटोत दिसणार नाही."

घरात अंकल, आंटी आणि मी मालवणीतच बोलत होतो. हे मी शुद्ध मराठीत बोललो, प्रसाददादाशी बोलतो तसं. पण अंकल दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

"ओरखडो? माझ्या लेन्सीक?" त्यांनी ती घेतली, खिडकीजवळ नेली, डोळ्याच्या अगदी जवळ धरली, लांब धरली. "माका दिसणा नाय. निलेश, तुका दिसता मां?"

दिसते म्हणालो. ते खरंच होतं, नाही का?

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. तुम्हालाही तसं वाटत असेल. प्रसाददादा चिडला असता, अंकल दुखावले असते — आणि मग? मग काय झालं असतं? फार तर "निलेशला दाखव" म्हणणं थांबलं असतं. पण मला दिसत होता तो रुमाल. लेन्स बघणारा, आणि डोक्याला बांधलेल्या रुमालाने काच घासतो. रापणकाराचा पोर. हे त्यांच्यापैकी कुणीही म्हणालं नसतं. मीच मनात म्हणत होतो.

अंकलनी आवाज दिला. "फिलू! गो फिलू! ही लेन्स तू पुसलंस काय गो?"

आंटी चहाचा ट्रे घेऊन आली. "मी? मी कित्याक पुसतलंय? तुझ्या त्या कपाटापरीस चर्चातल्या आल्ताराक हात लावना सोपा!"

"मगे कोणी पुसल्यान? मांजरान?"

"माका काय विचारतंस? मांजराक विचार."

प्रसाददादा हसला. अंकल हसले नाहीत. "नाताळाक तू घर झाडलंस, तेव्हा कपाट उघडा होता. मी मागसून बंद केलंय."

"कपाट भायरसून पुसलंय मी."

"भायरसूनच?"

आंटी काही तरी बोलायला गेली आणि थांबली. मी बघत होतो तिच्याकडे. तिच्या हातात ट्रे तसाच होता. ती आठवत होती — खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती. जे झालंच नव्हतं ते. मग तिने ट्रे स्टुलावर ठेवला.

"झाला असात. माझ्याच हातान झाला असात. आता त्या पोरांची चाय थंड करतलंस काय?"

चहा मी प्यालो. सगळा.

प्रसाददादा त्याच किमतीला घ्यायला तयार होता, कारण रेघेने काही बिघडणार नाही असं मीच सांगितलं होतं. पण किंमत अंकलनीच उतरवली, कुणी मागितलं नसताना. डागी वस्तू चांगली म्हणून कधी दिली नाही, म्हणाले. परतताना गाडीत प्रसाददादाने माझ्या पाठीवर थाप मारली.

इथपर्यंत सांगितलं की हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. कारण मला जे सांगायचं आहे ते हे नाहीच. हे घाबरून झालं, क्षणात झालं. यावर तुम्ही मला कदाचित माफही कराल. पुढचं तसं नाही.

नंतर कित्येक महिन्यांनी अंकलनी पुन्हा बोलावलं. उरलेल्या दोन लेन्स बघायला, माझ्यावर विश्वास होता म्हणून. मी गेलो. कपाटाला आता कुलूप होतं. त्यांचा एक शेजारी बसला होता, त्याला अंकल सांगत होते, "आमची फिलू काचेक भांड्याची घासणी लावता. सांभाळून ऱ्हवा!" शेजारी हसला. ही गोष्ट त्याने आधीही ऐकलेली दिसत होती. आंटीने चहा आणला, पण ती खोलीत आली नाही. ट्रे उंबऱ्यावर ठेवला. "मी आत येणंय नाय रे बाबा, माझो हात जड आसा," असं म्हणून तीही हसली. मी उठून ट्रे घेतला.

निघालो तेव्हा ती गेटपर्यंत आली. माडाची झावळी वाटेत पडली होती ती बाजूला केली, आणि हळूच म्हणाली, "निलेश, एक विचारतंय. हसा नको हां."

नाही हसत, म्हणालो.

"ती रेघ... साध्या कपड्यान पुसल्यार उठता काय रे? तुका कळता त्यातला. मी कपाट उघडून आतला कायव पुसलेला माका आठवणा नाय. कितीही आठवलंय तरी नाय. पण कोणी तरी केल्यानच मां? माझ्या आवशीचा असाच सुरू झाल्ला."

तिच्या आईची गोष्ट मला माहीत होती. आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. शेवटी शेवटी ती स्वतःच्या मुलांना ओळखत नव्हती, आणि फिलोमिना आंटीला तर मोलकरीण समजून हाका मारायची.

तेव्हा मला कुणी घाई केली नव्हती. प्रसाददादा नव्हता. अंकल आत होते. संध्याकाळ होती, समोर एक म्हातारी बाई होती, आणि तिला एवढंच हवं होतं — की तिचं डोकं ठीक आहे का ते. मला ठाऊक होतं की ठीक आहे. साऱ्या जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी विचार केला. हे नीट लक्षात घ्या, मी विचार केला. खरं सांगितलं तर आत जाऊन अंकलसमोर पुन्हा सांगावं लागेल, हेही मला सुचलं. मग मी बोललो.

"होता तसा, आंटी. माणूस इसारता."

या वेळी मालवणीतच बोललो. प्रेमाने बोललो. तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

ती म्हणाली, "हां. तसाच असतला." आणि आत गेली.

कधी कधी मी मनाची समजूत घालतो — तिने त्या दिवशी माझ्या हातात रुमाल बघितला असेल, मला वाचवायला तिने आपल्यावर घेतलं असेल. नाही. ती स्वयंपाकघरात होती. वाचवायचं असतं तर गेटपाशी येऊन तिने असं विचारलं नसतं.

हे आधी तिला सांगायला हवं होतं. तिचं घर बसने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तिच्याआधी मी तुम्हाला सांगतोय. तेही यातच धरा.

त्या संध्याकाळी मी गेटची कडी लावत होतो, तेव्हा आतून तिचा आवाज आला. "मिंगेल, गॅस बंद केलंय मां मी? बघ जरा." अंकल काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मी उभा होतो. मग बस चुकेल म्हणून चालायला लागलो.

रेघ मी काढली. आंटीने त्या काचेला कधी हात लावला नव्हता, आणि तिला सगळं बरोबर आठवत होतं.