ठिपक्यांचं वर्तुळ

गिरिजाला 'नाही' म्हणता येत नसे. नागपूरहून व्हिसावर ओहायोत आलेल्या माणसाला ते परवडत नाही, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे ओहायोतल्याच डब्लिन गावच्या ऑफिसात मॅनेजरबाई म्हणाल्या, "वादळाचा इशारा देणारं आपलं ॲप आता सिंहलीतही येतंय. तू तिकडचीच ना, चेक करशील?" तेव्हा ती "शुअर!" म्हणून मोकळी झाली. सिंहली श्रीलंकेची, आणि त्यातलं हिला ओ की ठो कळत नव्हतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! सगळी अक्षरं जिलबीसारखी गोल गोल. अक्षरं बिघडली की दिसतो तो रिकामा चौकोन कुठे नाही, प्रश्नचिन्ह नाही, म्हणजे ठीकच असणार. तिने पास करून टाकलं. वर शेजारच्या दिलिनीलाही सांगितलं, "आईंच्या फोनवर टाक, मीच टेस्ट केलंय."

दिलिनीच्या आई, कुसुमावती आंटी, श्रीलंकेहून लेकीकडे आलेल्या. इंग्रजी जेमतेम. लेक कामावर गेली की दिवसभर घरात एकट्या.

त्या बुधवारी दुपारी आभाळ हिरवट काळं झालं आणि भोंगे वाजायला लागले. घरूनच काम करणारी गिरिजा बिल्डिंगच्या तळघरात उतरली आणि शार्दूलला, म्हणजे नवऱ्याला, मेसेज करू लागली, 'चिंता करू नको'. घाईत 'च'च्या आधी वेलांटीच दाबली गेली. अक्षराविना लटकलेल्या वेलांटीशेजारी ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ उमटलं.

तेवढ्यात ऑफिसच्या फोनवर सिंहली इशारा आला. तिने निरखून पाहिलं. जिलब्यांच्या गर्दीत तेच वर्तुळ. एक नाही, ओळीओळीत.

सिंहलीतल्या एका मात्रेचा अर्धा भाग अक्षराच्या डावीकडे दिसतो, अर्धा उजवीकडे. डोळ्यांना काहीही दिसो, कम्प्युटरला आधी अक्षर लागतं, मग मात्रा, आपल्या वेलांटीसारखंच. ॲपने डावा तुकडा अक्षराच्या आधीच साठवला होता, म्हणून तो असा निराधार लटकत होता. लहानपणापासून मराठी टाइप करणाऱ्या बाईला हे कळू नये? ते वर्तुळ तिला सिंहलीतलंच एखादं अक्षर वाटलं होतं!

आंटी खाली आल्या नव्हत्या. गिरिजा जिने चढत धावली. बाहेर वाऱ्याने झाडं वाकत होती. आपल्यामुळे त्या बाईंचं काही बरंवाईट झालं तर, एवढा एकच विचार डोक्यात घण घालत होता.

आंटी खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या.

"आंटी, टोर्नेडो! मेसेज नाही आला?"

"सायरन? टेस्ट, टेस्ट," आंटी हसल्या. इथे दर बुधवारी दुपारी टेस्टचे भोंगे वाजतातच. "मेसेज फ्रॉड. दिलिनी सेज, ब्रोकन लेटर्स, फ्रॉड. आय डिलीट."

गिरिजाने त्यांचा दंड धरला. गुडघे दुखणाऱ्या आंटी एकेक पायरी उतरत होत्या आणि ती मनातल्या मनात सगळ्या देवांना साकडं घालत होती. तळघराचं दार लागतं न लागतं तोच दिवे गेले आणि वर काचा फुटल्याचा आवाज झाला. आंटींनी तिचा हात घट्ट धरला. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, प्रार्थना असावी.

आवाज ओसरला तसा दिलिनीचा फोन आला. ती रडत होती. "आई खाली आहे ना?" गिरिजाने हो म्हणताच ती म्हणाली, "थँक गॉड! तुझं ॲप होतं म्हणून."

गिरिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मॅनेजरबाईंचा मेसेज आला: 'वादळ आता पूर्वेकडच्या गावांत. सिंहली इशारा तिकडेही पाठवतोय. ओके ना, गिरिजा?'

सवयीने तिने 'येस' टाइप केलं. पुढे नोकरी होती, व्हिसा होता. शेजारी आंटी अजून तिचा हात धरून होत्या, आणि पूर्वेकडे कुठेतरी अशीच एखादी आंटी खिडकीशी बसलेली असेल.

तिने 'येस' खोडलं. त्याजागी लिहिलं, 'नाही. मेसेज तुटलाय, लोक डिलीट करतायत. इंग्रजीत पाठवा, जमेल त्याला फोन करा.' आणि पाठवण्याआधी पुढे जोडलं, 'मला सिंहली वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं.'