पहिलं बरं की दुसरं?

आमच्या थोरल्या साडूंना जगातली कुठलीही वस्तू एकटी बघताच येत नाही. शेजारी दुसरी ठेवल्याशिवाय पहिली कशी आहे हे कळूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. राजाजीनगरात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘पहिलं बरं की दुसरं?’ एवढंच विचारत आल्यामुळे हा प्रश्न त्यांच्या हाडीमाशी खिळला आहे. शर्ट घेताना ते दोन काढून बघतात, भोपळा घेताना दोन हातांत दोन धरतात. माझं लग्न ठरलं तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या भावाला त्यांनी शेजारी शेजारी उभं केलं, दोघांना आळीपाळीनं निरखलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, “सरी. हाच बरा.” सरी म्हणजे ठीक. तीन पिढ्या बेंगळुरात काढल्यामुळे त्यांची मराठी अधूनमधून कानडीकडे असा फेरफटका मारून येते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

समोरच्याचा चष्मा नाकावर तिरका बसलेला असला की अण्णांना पुढचं बोलणं सुचत नाही. ते सरळ हात घालून तो काढून घेतात, धोतराच्या सोग्यानं पुसतात, काड्या वाकवतात आणि मग पुन्हा चढवतात. माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांत भटजींचाच चष्मा उतरवला. भटजींना पोथी दिसेना, त्यांनी पाठ असलेलं तेवढंच कडवं तीनदा म्हटलं आणि हातात अक्षता घेतलेले लोक ताटकळले. अण्णांना त्याचं काही नाही. नंतर म्हणाले, “तिरक्या चष्म्यातनं लावलेलं लग्न सरळ कसं होणार हो?”

त्यांचा दुसरा हट्ट देवाचा. घरात केलेल्या पदार्थाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय त्याला जीभ लावायची नाही, हा त्यांच्या घरचा जुना रिवाज. आमच्याकडेही तो होता, पण आम्ही आमटीचा एक थेंब तळहातावर घेताना देवाकडे पाठ करायचो. अण्णा तसलं काही करत नाहीत. नैवेद्यानंतर पदार्थात चिमूटभर मीठ वाढवणंही त्यांना पटत नाही. “देवाला एक दाखवायचं आणि आपण दुसरं खायचं, हे कुठल्या शास्त्रात आहे?” असं ते विचारतात. आता, गेल्या वर्षापर्यंत या कडकपणाचा कुणाला काही त्रास नव्हता, कारण अण्णा स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचे. स्वयंपाक अक्का करायच्या. अक्का म्हणजे अण्णांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना कढीचा वास लांबूनच घेऊन मीठ किती पडलंय ते सांगता यायचं.

या दोघांचा एकच शौक होता. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुकान बंद करून ते हेब्बाळच्या तळ्याजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये जायचे. अक्का तिथलं सॅलड मागवायच्या. लेट्यूसची कुरकुरीत पानं, संत्र्याच्या फोडी, भाजलेले तीळ, आणि वरून एक पिवळसर, आंबटगोड, शेवटी नाकात चढणारं ड्रेसिंग. अण्णा स्वतः टोस्ट खायचे. कच्चा पाला हे गुरांचं खाणं आहे यावर ते ठाम होते. पण अक्कांचं खाऊन होईपर्यंत ते त्यांच्याकडे बघत बसायचे, आणि टोस्ट गार व्हायचा.

गेल्या वर्षी अक्कांना कसलासा ताप आला. ताप गेला तो तोंडाची चव घेऊन गेला. जेवण सुटलं. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू चव, पण पोटात काही तरी गेलं पाहिजे, आवडेल ते द्या. अण्णांनी विचारलं, काय आवडेल? अक्का म्हणाल्या, “ते सॅलड.” अण्णांनी लगेच पार्सल मागवलं. ते हेब्बाळच्या उड्डाणपुलावर तासभर अडकलं आणि राजाजीनगरात पोचेपर्यंत पानांनी माना टाकल्या होत्या. अक्कांनी दोन घास खाल्ले आणि डबा बाजूला सारला. “तसं लागत नाहीये,” म्हणाल्या. दुसरा कुणी असता तर आजारी माणसाची तक्रार म्हणून त्यानं सोडून दिलं असतं. अण्णांनी तिथल्या तिथे ठरवलं की दोष पार्सलचा आहे, आणि सॅलड घरीच झालं पाहिजे, अगदी तस्संच.

मग ते एकटे रेस्टॉरंटमध्ये गेले. वेटरनं विचारलं, “मॅडम?” अण्णा म्हणाले, “येतील.” ड्रेसिंगची कृती विचारली तर त्यानं ‘गोत्तिल्ला सार’, ठाऊक नाही साहेब, म्हणून हात वर केले. अण्णा तयारीनिशीच गेले होते. खिशातून त्यांनी लेन्स ठेवायची जोडडबी काढली, टेबलाखाली धरून डाव्या वाटीत ड्रेसिंगचा वरचा थर भरला आणि उजव्या वाटीत तळाचा. दुकानात येऊन दिव्याखाली भिंग लावून तपासलं. संध्याकाळी मला फोन. “काळे ठिपके मिरीचे आहेत. पिवळं ते मोहरी. पण आपण फेसतो तश्शी फेसलेली, बरं का!” नमुना हाताशी होता, जीभ तोंडात होती, पण जे घरी करून देवाला दाखवायचं ते आधी चाखायचं नाही. न चाखता ड्रेसिंगचा शोध लावायला निघालेला हा जगातला एकमेव माणूस असेल.

पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं वरून हिंगमोहरीची फोडणी ओतली आणि लेट्यूसची पालेभाजी झाली. तो धडा ते शिकले. पण आयुष्यभर घरात कोशिंबीर होताना पाहिली होती, ती कशी विसरणार? पानांना मीठ लावून ठेवायचं, हलक्या हातानं पिळायचं, आणि मग ड्रेसिंगमध्ये पुन्हा मीठ. रोज अकरा वाजता दुकानातल्या गिऱ्हाइकाला “स्वल्प बसा” म्हणून ते घरी यायचे, दोन वाट्यांत दोन तऱ्हेचं सॅलड करायचे, देवासमोर ठेवायचे. प्रसाद म्हणून स्वतः एक पान घ्यायचे, पण शेवटी कच्चा पालाच तो, म्हणून औषधाच्या गोळीसारखं, न चावता, पाण्याबरोबर. मग दोन्ही वाट्या अक्कांपुढे. “पहिलं बरं की दुसरं?” अक्का दोन्ही खाऊन बघायच्या, थोडा विचार करायच्या आणि सांगायच्या. कधी पहिलं, कधी दुसरं. अण्णा ते वहीत टिपून घ्यायचे. “चव परत आली हिची,” ते मला म्हणाले. “आता फक्त ड्रेसिंग जमायचं राहिलंय.”

एका शनिवारी मी येलहंक्याच्या आमच्या घरून मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. अण्णांनी मलाही दोन वाट्या दिल्या. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकं खारट मी लोणच्यातसुद्धा खाल्लेलं नाही. दुसरी वाटी त्याहून वरचढ होती. अक्का शांतपणे खात होत्या. “दुसरं,” त्या म्हणाल्या. अण्णा वही आणायला आत गेले, तेव्हा मी हळूच विचारलं, “अक्का, हे तुम्ही रोज खाता?”

“मला कुठं काय लागतंय हो,” त्या म्हणाल्या. “पान आणि कागद सारखंच. एकदा पहिलं म्हणते, एकदा दुसरं. सारखं एकच म्हटलं तर त्यांना संशय यायचा.”

“मग सांगा ना त्यांना.”

“सांगितलं तर थांबतील. आणि ते समोर बसून असे बघतात ना, म्हणून चार घास जातात. नाहीतर मला खायचं काही कारणच नाही.”

 एकीला चव कळत नव्हती आणि दुसरा चव घेत नव्हता, आणि मधल्या मध्ये ते भयंकर सॅलड बिनबोभाट चाललं होतं. निघताना मी अण्णांना एवढंच म्हणालो, “एकदा चाखून बघा की.” त्यांनी माझा चष्मा काढला, पुसला, परत बसवला. “देवाच्या आधी?”

पुढं तीनेक आठवड्यांनी, मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. एरवी ते गिऱ्हाइकाशी बोलावं तसं हळू बोलतात, पण आता ओरडत होते. “थुंकली! अहो, थुंकली ती!” मला काही कळेना. “मला म्हणाली, हे काय केलंय, मिठाचा खडा आहे नुसता! खारट लागलं तिला! खारट!”  मीटिंग तशीच सोडून मी निघालो.

मी पोचलो तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि अण्णा टेबलाशी बसले होते. त्यांचा आनंद आता जरा ओसरला होता आणि डोक्यात हिशोब जुळायला लागला होता. “म्हणजे आधीही असंच होतं,” ते मला म्हणाले. “तुम्हाला ठाऊक होतं?” मी मान खाली घातली. त्यांनी वाटीतलं एक पान उचललं. या वेळी पाण्याचा पेला घेतला नाही. चावलं. चेहरा आवळला, डोळे मिटले गेले. “शिव शिव,” म्हणाले, आणि दुसरं पान उचललं.

“राहू द्या हो,” अक्का म्हणाल्या.

“तू दोन महिने खाल्लंस,” अण्णा म्हणाले. “मला एक दिवस तरी खाऊ दे.” आणि त्यांनी दोन्ही वाट्या पुसून संपवल्या.  माझी बायको पोहे कसे झालेत म्हणून विचारते तेव्हा मी फोनमधून डोकं न काढता ‘बरे’ म्हणतो, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

आता स्वयंपाकघर पुन्हा अक्कांच्या ताब्यात आहे. ड्रेसिंग काही जमलं नाही. वही देवघराखालच्या खणात पडून आहे. पहिला रविवारही सुरू झालाय, फक्त रेस्टॉरंटचा जिना चढताना अक्का मधे एकदा थांबतात आणि अण्णा त्यांच्यासाठी नव्हे, स्वतःला दम लागल्यासारखे थांबतात. मागच्या खेपेला त्यांनी मला आणि माझ्या बायकोलाही नेलं. अक्कांपुढे सॅलडची एकच प्लेट आली. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला. अण्णांचा टोस्ट गार होत होता.

“पहिलं बरं की दुसरं?” त्यांनी विचारलं.

टेबलावर दुसरं काहीच नव्हतं. अक्कांनी आणखी एक घास खाल्ला.

“दुसरं,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. तो चांगला स्वच्छ होता.